भाव कशाचा, कुठला आणि कधीचा?

एप्रिल २०२० ची गोष्ट. आमच्या बॅचचा दहावीचा भूगोलाचा पेपर लॉकडाऊनमुळे रद्द झाला होता आणि त्या आनंदात मी न्हावऱ्याला घरी लोळत पडलो होतो. माझे मामा दौंडला असतात. त्यांचे तेव्हा दोन ट्रक होते. कुरकुंभ एमआयडीसीतून माल भरायचा आणि सोलापूरच्या बाजूला सोडायचा, हा त्यांचा धंदा. लॉकडाऊनमध्ये दोन्ही ट्रक दारात उभे. हाताला काम नाही, आणि हातात मोबाईल! कुठल्याशा ग्रुपवर टिप आली : "क्रूड तेल मातीमोल झालंय. आज घ्या, महिन्याभरात दुप्पट. शून्याच्या खाली तर जाणार नाही ना?"

मामांना हे पटलं. आयुष्यभर डिझेल विकत घेतलेला माणूस, तेल स्वस्त की महाग हे त्याला कोणी सांगायला नको. २० एप्रिलला दुपारी त्यांनी ११०० रुपये बॅरल या भावाने क्रूडचा एक लॉट घेतला. एक लॉट म्हणजे १०० बॅरल. हिशोब सरळ होता. अगदी शून्य झालं तरी १ लाख १० हजार जातील, त्याहून जास्त काय जाणार?

दुसऱ्या दिवशी कळलं, ३ लाख ९८ हजार ४०० रुपये गेले.

त्या उन्हाळ्यानंतर मामांच्या दारात एकच ट्रक आहे. मी इंजिनिअरिंगला आलो, हॉस्टेलला राहिलो, आणि मागच्या सेमिस्टरला बघतो तर आमच्या विंगमध्ये निम्म्या पोरांच्या मोबाईलवर तसलीच ॲप्स. कोणी मेसचे पैसे लावतो, कोणी घरून आलेली फी. म्हणून मामांची परवानगी घेऊन हा लेख लिहितोय. ते म्हणाले, "लिही. नाव नको टाकू. पण ते शून्याचं नक्की लिही."

तर मित्रांनो, शून्याच्या खाली भाव जातो कसा हे समजून घ्यायचं आहे. त्यासाठी आधी काही शब्द समजले पाहिजेत. हे शब्द टीव्हीवर असे फेकले जातात की वाटतं एमबीए केल्याशिवाय कळणार नाहीत. खरं सांगू? यातला एकही शब्द कांद्याच्या बाजारात जाणाऱ्या माणसाला नवीन नाही, फक्त नाव वेगळं आहे. भाव ऐकला की चार प्रश्न विचारायचे : कशाचा? कुठला? कधीचा? आणि सौदा मिटणार कसा?

पहिला प्रश्न : कशाचा?

"कांदा काय भाव?" असं विचारलं तर व्यापारी आधी कांदा हातात घेऊन बघतो. गोल्टी आहे की मोठा, लाल की गावरान, ओला की वाळलेला. तेलाचंही तसंच आहे. "क्रूड" नावाचा एकच पदार्थ जगात नाही. प्रत्येक विहिरीचं तेल वेगळं.

तेलाची पारख दोन गोष्टींवर होते. पहिली म्हणजे जडपणा. तो एपीआय ग्रॅव्हिटीत मोजतात. सूत्र सोपं आहे : १४१.५ भागिले तेलाची सापेक्ष घनता, वजा १३१.५. पाण्याची सापेक्ष घनता १, म्हणून पाण्याचा एपीआय १० येतो. सापेक्ष घनता ०.८२५ असेल तर एपीआय ४०. म्हणजे आकडा जितका मोठा तितकं तेल हलकं, आणि हलक्या तेलातून पेट्रोल-डिझेल सहज आणि जास्त निघतं. दुसरी गोष्ट गंधक. गंधक अर्ध्या टक्क्याहून कमी असेल तर तेल "स्वीट", जास्त असेल तर "सावर". पूर्वीचे लोक म्हणे खरंच चव आणि वास घेऊन ठरवत! आज गंधक काढायला रिफायनरीत वेगळं युनिट लागतं, हायड्रोजन लागतो, खर्च येतो. म्हणून सावर तेल सहसा स्वस्त.

आता माप. बॅरल म्हणजे ४२ अमेरिकन गॅलन, सुमारे १५९ लिटर. हा आकडा पाठ करून ठेवा, कारण यावरून घरबसल्या हिशोब करता येतो. समजा क्रूड ७० डॉलर आणि डॉलर ८५ रुपये. ७० गुणिले ८५ म्हणजे ५९५० रुपये. त्याला १५९ ने भागा. लिटरला ३७ रुपये आणि थोडे पैसे. ही झाली कच्च्या तेलाची किंमत. पंपावर आपण देतो ते याच्या कितीतरी वर, ते का याच्याकडे नंतर येतो.

गॅसचं माप आणखी वेगळं. तो ना लिटरने विकतात ना किलोने, तर उष्णतेने. एमएमबीटीयू म्हणजे दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागणारी उष्णता म्हणजे एक बीटीयू, सुमारे १०५५ ज्यूल. म्हणजे एक एमएमबीटीयू साधारण २९३ युनिट विजेच्या बरोबरीचा झाला. थर्मोमध्ये युनिट कन्व्हर्जनची गणितं सोडवताना "याचा उपयोग काय?" असं विचारणाऱ्या माझ्या पार्टनरला हे समर्पित!

दुसरा प्रश्न : कुठला?

सकाळी पेपरात लासलगावचा कांद्याचा भाव येतो. पण आमचे वडील कांदा लासलगावला नेत नाहीत, केडगावला नेतात. न्हावऱ्यातून निघायचं, पारगावला भीमा ओलांडायची आणि चौफुल्याच्या अलीकडे केडगावच्या बाजारात उतरायचं. तरीपण सौदा सुरू होताना तोंडात नाव लासलगावचंच. "लासलगावला एवढा निघाला, मग इथं एवढाच का?" व्यापारी म्हणतो, "तिथला माल वेगळा, तिथली आवक वेगळी, गाडीभाडं वेगळं."

बास. या एका संवादात दोन मोठे शब्द आले. लासलगाव म्हणजे बेंचमार्क. ज्याच्याकडे बोट दाखवून बाकीचे सगळे भाव ठरतात तो भाव. आणि लासलगावचा भाव आणि केडगावचा भाव यातला फरक म्हणजे बेसिस. वायदेबाजारात बेसिस म्हणतात तो आपल्या गावचा हजर भाव आणि वायद्याचा भाव यातला फरक. तत्त्व तेच.

जगाच्या तेलाची लासलगावं मुख्यतः तीन. एक ब्रेंट, उत्तर समुद्रातलं. गंमत अशी की ज्या ब्रेंट क्षेत्रावरून हे नाव पडलं ते क्षेत्र २०२१ मध्ये बंद झालं. आज ब्रेंटच्या भावात फोर्टीज, ओसेबर्ग, इकोफिस्क, ट्रोल ही दुसरी तेलं आहेत आणि २०२३ पासून अमेरिकेचं मिडलँडचं तेलही आहे. नाव राहिलं, विहीर गेली. दुसरा बेंचमार्क डब्ल्यूटीआय, म्हणजे वेस्ट टेक्सास इंटरमीजिएट. याचा माल अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात कुशिंग नावाच्या छोट्या गावात मिळतो. तिथे समुद्र नाही. पाइपलाइनी एकत्र येतात आणि मोठमोठ्या टाक्या आहेत. एका अर्थाने तेलाचं दौंड जंक्शनच! हे कुशिंग लक्षात ठेवा, मामांचा ट्रक तिथेच गेला. तिसरा बेंचमार्क दुबई-ओमान. आखातातल्या सावर तेलाचे भाव याच्यावर बांधलेले.

भारत लागणाऱ्या क्रूडपैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. बातम्यांत "इंडियन बास्केट" म्हणतात तो आपल्या रिफायनऱ्या जसं तेल वापरतात त्या प्रमाणात काढलेला सरासरी भाव. त्यात पाऊण हिस्स्याच्या आसपास ओमान-दुबईचा भाव आणि बाकी ब्रेंटचा. डब्ल्यूटीआयचा त्यात वाटा नाही. म्हणजे मामांनी जो भाव बघून सौदा केला तो भाव आपल्या देशाच्या तेलाचा नव्हताच.

तिसरा प्रश्न : कधीचा?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि सगळ्यात कमी विचारला जातो.

आज माल, आज पैसे, हा हजर भाव किंवा स्पॉट. शेतात उभा कांदा आहे, व्यापारी येऊन बघतो आणि म्हणतो, महिन्याने काढल्यावर अमुक भावाने सगळा माझा. विसार देतो. हा झाला फॉरवर्ड. दोन माणसांतला, शब्दावरचा किंवा कागदावरचा सौदा. यातली अडचण सगळ्यांना माहीत आहे. भाव पडला की व्यापारी फोन उचलत नाही आणि भाव चढला की शेतकऱ्याला शब्द आठवत नाही.

ही अडचण काढण्यासाठी फ्युचर्स, म्हणजे वायदा. यात करार ठरावीक साच्याचा : माल ठरलेला, लॉट ठरलेला, शेवटची तारीख ठरलेली. आणि समोरच्या माणसाच्या जागी एक्स्चेंज उभा राहतो, म्हणजे कोणी फोन उचलला नाही म्हणून पैसे बुडत नाहीत. आपल्याकडे अशा वायद्यांचा मोठा बाजार मुंबईचा एमसीएक्स. तो २००३ मध्ये सुरू झाला आणि २००५ पासून तिथे क्रूडचे वायदे आहेत.

आता एकाच मालाचे एकाच दिवशी अनेक भाव असतात. मेचा वेगळा, जूनचा वेगळा, डिसेंबरचा वेगळा. पुढच्या महिन्यांचा भाव आजच्यापेक्षा जास्त असेल तर त्याला काँटँगो म्हणतात. शब्द अवघड, गोष्ट सोपी. आमच्या घरी उन्हाळी कांदा निघतो मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा भाव पडलेला असतो. ज्याच्याकडे कांदाचाळ आहे तो ठेवतो आणि पावसाळ्यात काढतो. पण चाळ फुकट नाही. बांधायचा खर्च, कर्जाचं व्याज, सडलेला कांदा, घटलेलं वजन. पुढचा भाव निदान एवढा खर्च भरून काढेल तरच माणूस माल ठेवेल. काँटँगो म्हणजे चाळीचं भाडं, व्याज आणि पुढे भाव वाढेल ही आशा.

याच्या उलट आजचा भाव जास्त आणि पुढचा कमी असेल तर बॅकवर्डेशन. म्हणजे माल आत्ता हवाय, पुढचं पुढे बघू. रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर मार्च २०२२ मध्ये ब्रेंट १३० डॉलरच्या वर गेलं तेव्हा अशीच स्थिती होती. अशा वेळी माल साठवून ठेवणारा वेडाच.

आणि चाळ भरली तर? शेजाऱ्याची पण भरली, गावातली प्रत्येक चाळ भरली, आणि ट्रॅक्टर मात्र दारात उभा? अशा वेळी कांद्याचा आजचा भाव काय? ज्यांनी रस्त्याकडेला कांदा ओतलेला पाहिलाय त्यांना उत्तर माहीत आहे. तोही ओतायला ट्रॅक्टरचं भाडं आपणच देतो. म्हणजे माल द्यायचा आणि वर पैसेही द्यायचे. याला म्हणतात उणे भाव. शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला अर्थशास्त्राच्या पुस्तकाशिवाय तो कळतो.

चौथा प्रश्न : सौदा मिटणार कसा?

वायद्यात सगळी रक्कम भरावी लागत नाही. थोडी अनामत भरायची, तिला मार्जिन म्हणतात. आपला विसारच तो. फरक एवढाच की विसार एकदा दिला की दिला, इथे मात्र रोज संध्याकाळी हिशोब होतो. भाव तुमच्या विरुद्ध गेला तर तेवढे पैसे त्याच दिवशी खात्यातून वजा. याला मार्क टू मार्केट म्हणतात. अनामत संपत आली की आणखी भरा असा निरोप येतो, तो मार्जिन कॉल. थोड्या पैशात मोठा सौदा म्हणजे लिव्हरेज. फिजिक्समधली तरफच. दगड उचलायला उपयोगी, पण निसटली तर तोंडावर.

भाव चढेल म्हणून आधी घेणारा लाँग, आपल्या भाषेत तेजीवाला. पडेल म्हणून आधी विकणारा शॉर्ट, मंदीवाला.

आणि मुदत संपली की? काही वायद्यांत खरोखर माल घ्यावा लागतो, ती डिलिव्हरी. काहींत नुसता पैशांचा फरक दिला-घेतला जातो, ते कॅश सेटलमेंट. एमसीएक्सचा क्रूड वायदा कॅश सेटलमेंटचा. तो कोणत्या भावाने मिटतो? अमेरिकेत न्यूयॉर्कच्या बाजारात डब्ल्यूटीआयचा जो भाव ठरेल, त्याचे रुपये करून. हे करारात लिहिलेलं असतं. वाचतं कोण, हा वेगळा प्रश्न.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. वायदा म्हणजे जुगारच, असं आमच्या गावाकडे सरसकट म्हणतात. ते अर्धसत्य आहे. विमान कंपनीला सहा महिन्यांनी तेल लागणार आहे. भाव वाढला तर धंदा बुडेल. म्हणून ती आजच वायदा घेऊन ठेवते. भाव वाढला तर वायद्यात फायदा होतो आणि महाग तेलाचा तोटा भरून निघतो. भाव पडला तर वायद्यात तोटा, पण तेल स्वस्त. याला हेजिंग म्हणतात. हे छत्री घेऊन निघण्यासारखं आहे, पाऊस पडेल यावर पैज लावण्यासारखं नाही. मामांचे ट्रक रस्त्यावर पळत असते तर डिझेल महाग होण्याच्या भीतीने त्यांनी क्रूड घेतलं, असं म्हणता आलं असतं. पण ट्रक उभे होते. म्हणजे छत्री नव्हती, पैज होती.

त्या दिवशी काय झालं?

आता चारही प्रश्न हातात घेऊन २० एप्रिल २०२० कडे जाऊ.

जगभर लॉकडाऊन. गाड्या, विमानं, कारखाने बंद. तेलाची मागणी कोसळली, पण विहिरी एका रात्रीत बंद करता येत नाहीत. कुशिंगच्या टाक्या भरत चालल्या आणि ज्या रिकाम्या दिसत होत्या त्याही कोणीतरी आधीच भाड्याने घेऊन ठेवलेल्या. डब्ल्यूटीआयचा मे महिन्याचा वायदा २१ एप्रिलला संपणार होता. तो डिलिव्हरीचा वायदा. ज्याच्या हातात तो राहील त्याला कुशिंगला जाऊन तेल उचलावं लागणार. ज्यांच्याकडे टाकी नव्हती ते सगळे एकाच दिवशी विकायला धावले. घेणारा कोणी नाही. भाव शून्यावर आला, शून्य ओलांडून खाली गेला आणि त्या दिवशी उणे ३७.६३ डॉलरवर ठरला. म्हणजे "तेल घेऊन जा, वर बॅरलमागे साडेसदतीस डॉलर देतो."

इकडे आपल्याकडे लॉकडाऊनमुळे एमसीएक्सची वेळ कमी करून संध्याकाळी ५ पर्यंत आणली होती. एरवी हा बाजार रात्री उशिरापर्यंत चालतो. एप्रिलचा क्रूड वायदा त्याच दिवशी संपत होता. ५ वाजता बाजार बंद झाला तेव्हा भाव होता ९६५ रुपये. न्यूयॉर्कची खरी घसरण त्यानंतर, आपल्या रात्री झाली. इथल्या तेजीवाल्यांना विकून बाहेर पडायला खिडकीच उघडी नव्हती. आधी तात्पुरता भाव १ रुपया धरला गेला. नंतर अंतिम भाव जाहीर झाला : उणे २,८८४ रुपये.

मामांचा हिशोब करा. घेतलं ११०० ला, मिटलं उणे २,८८४ ला. फरक ३,९८४. गुणिले १०० बॅरल. ३ लाख ९८ हजार ४००.

यावर ब्रोकर मंडळी मुंबई उच्च न्यायालयात गेली, पेपरात खूप चर्चा झाली. त्याच वर्षी पुढे सेबीने भाव शून्याजवळ किंवा उणे गेला तर मार्जिन कसं घ्यायचं याचे वेगळे नियम आणले. कॉम्प्युटरच्या मित्रांसाठी एक मुद्दा : अमेरिकेतल्या बाजाराने काही दिवस आधीच जाहीर केलं होतं की आमच्या सिस्टिममध्ये उणे भावाची तयारी आहे. म्हणजे धोक्याची घंटा वाजली होती. व्हेरिएबल घोषित करताना "ही व्हॅल्यू निगेटिव्ह होऊच शकत नाही" असं आपण किती सहज धरून चालतो!

आता खरी गंमत. त्याच दिवशी डब्ल्यूटीआयचा जूनचा भाव होता सुमारे २० डॉलर. त्याच दिवशी ब्रेंट होतं सुमारे २५ डॉलर. तेल तेच, दिवस तोच, पण एक भाव उणे ३७, एक अधिक २०, एक अधिक २५. का? कारण जूनच्या वायद्याला महिनाभर वेळ होता, म्हणजे "कधीचा" वेगळा. ब्रेंट समुद्रातलं, ते जहाजात भरून कुठेही नेता येतं, म्हणजे "कुठला" वेगळा. "तेलाचा भाव उणे झाला" ही बातमी खरं तर अपुरी होती. उणे झाला तो एका गावातल्या, एका महिन्याच्या तेलाचा भाव.

मी हे सगळं समजून घेऊन मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, तेल देऊन वर पैसे देत होते, तर मला फोन करायचा ना! माझे दोन्ही ट्रक मोकळेच होते!" मी म्हटलं, "मामा, ट्रक कुशिंगला न्यावा लागला असता." ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "कुठं आलं ते?" आमचा भूगोलाचा पेपर रद्द झाला, मामांना मात्र तो द्यावा लागला.

मग डिझेल स्वस्त का नाही झालं?

हा मामांचा पुढचा प्रश्न, आणि तो अगदी रास्त होता.

पंपावरचा भाव क्रूडचा नसतो. क्रूडवर रिफायनरीचा खर्च आणि नफा चढतो. तयार माल आणि क्रूड यांच्या किमतीतल्या फरकाला क्रॅक स्प्रेड म्हणतात, कारण रिफायनरीत मोठे रेणू "क्रॅक" करतात. त्यावर वाहतूक, केंद्राची एक्साइज, डीलरचं कमिशन आणि राज्याचा व्हॅट. पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीत नाहीत. एक्साइज लिटरमागे ठरावीक रुपयांत असते. म्हणून क्रूड निम्मं झालं तरी पंपावरचा भाव निम्मा होत नाही. आणि त्या वर्षी तर ६ मे पासून केंद्राने एक्साइज पेट्रोलवर १० रुपये आणि डिझेलवर १३ रुपये वाढवली. क्रूडची स्वस्ताई ग्राहकाकडे यायच्या आत सरकारी तिजोरीकडे वळली.

कागदोपत्री पेट्रोल २०१० पासून आणि डिझेल २०१४ पासून नियंत्रणमुक्त आहे. जून २०१७ पासून भाव रोज सकाळी ६ वाजता बदलता येतो. पण बदलता येतो म्हणजे बदलतोच असं नाही. एप्रिल २०२२ नंतर मार्च २०२४ पर्यंत तेल कंपन्यांनी आपला भाव जवळजवळ हलवलाच नाही. मधे मे २०२२ मध्ये पंपावर फरक पडला तो एक्साइज कमी झाल्यामुळे.

आपल्या मेसच्या बिलाचंही असंच. मेसमध्ये येतो तो १९ किलोचा व्यावसायिक सिलेंडर, घरी असतो तो १४.२ किलोचा. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. त्याचा बेंचमार्क सौदी अरामको दर महिन्याला जाहीर करते तो करारभाव. म्हणून व्यावसायिक सिलेंडरची बातमी बहुतेक वेळा महिन्याच्या १ तारखेला येते. पुढच्या वेळी मेस सेक्रेटरीवर ओरडण्याआधी एकदा सौदी अरेबियाकडे बघा!

आपला ऊस आणि इथेनॉल

ऊर्जेचा बाजार म्हणजे फक्त आखात आणि अमेरिका नाही. न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा ही कारखान्यांची नावं आपल्या भागात घराघरात माहीत आहेत. साखर कारखाना आता ऊर्जेच्या बाजारातही आहे : बगॅसपासून वीज आणि मळीपासून इथेनॉल.

पण इथला भाव बाजार ठरवत नाही, सरकार ठरवतं. उसाची एफआरपी २०२४-२५ च्या हंगामासाठी क्विंटलला ३४० रुपये होती, १०.२५ टक्के उताऱ्याला. २०२५-२६ साठी ३५५. इथेनॉलचं तर आणखी मजेदार आहे. २०२२-२३ मध्ये तेल कंपन्यांसाठी ठरलेले लिटरचे भाव असे होते : सी-हेवी मळीपासून केलेलं ४९.४१ रुपये, बी-हेवीपासून ६०.७३, थेट उसाच्या रसापासून ६५.६१. केमिस्ट्री लॅबमध्ये तिन्ही बीकर शेजारी ठेवा, रेणू एकच. भाव तीन! कारण "कशाचा" या प्रश्नाला इथे "कशापासून केलं?" असा अर्थ आहे. रसापासून केलं तर तेवढी साखर होत नाही, ती भरपाई भावात धरलेली.

मग यात जोखीम नाही का? आहे, फक्त जात वेगळी. डिसेंबर २०२३ मध्ये ऊस कमी होईल या भीतीने सरकारने रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधनं आणली. डिस्टिलरीसाठी कर्ज काढलेल्या कारखान्यांचं गणित एका आदेशात बदललं. बाजारभावात जोखीम भावाची, सरकारी भावात जोखीम धोरणाची. बिनजोखमीचा भाव कुठेच नसतो.

शेवटी

सेबीने २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. शेअर बाजारातल्या फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वैयक्तिक व्यवहार करणाऱ्या शंभरातल्या ९३ जणांना तोटा झाला आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर गेला. हे आकडे शेअर बाजाराचे आहेत, क्रूडचे नाहीत. पण मोबाईल तोच आणि ॲपही बहुधा तेच. उरलेल्या सात जणांत आपण असू असं त्या ९३ जणांनाही वाटलं असणारच.

मी कोणाला उपदेश करत नाही, माझी ती पात्रता नाही. हे विषय शिकू नका असंही म्हणत नाही. उलट केमिकल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलवाल्यांना नोकरीत हे शब्द रोज लागणार आहेत. म्हणणं एवढंच की पैसे लावायच्या आधी करार वाचा. वाचायला तासभर लागतो. मामांच्या बाबतीत चूक बाजाराची नव्हती. करारात लिहिलं होतं तसाच सौदा मिटला. चूक होती ती एका वाक्याची, "शून्याच्या खाली तर जाणार नाही ना?"

मागच्या दिवाळीत दौंडला गेलो होतो. टीव्हीवर बातमी लागली, "कच्च्या तेलाचा भाव घसरला." मामा चहा पीत होते. कप खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, "कुठला? आणि कोणत्या महिन्याचा?"

चार लाखांची फी भरून मामा पास झाले आहेत. आपल्याला तीच डिग्री या लेखात फुकट मिळतेय, घेऊन टाका.